गादीखाली बघणारा

पन्नाशी उलटलेल्या माणसानं पाठीवर पिशवी टाकून बॅकपॅकर हॉस्टेलात राहायला जाऊ नये. गेलाच तर त्याला वरचा पलंग मिळतो. लोणावळ्यात मला तोच मिळाला. शिडीची दुसरी पायरी चढतोय तोवर खालच्या पलंगावरच्या मुलीनं कानातलं इअरफोनचं बोंडुक काढलं आणि काळजीनं म्हणाली, "अंकल, केअरफुल!" शिडीवरून मी पडलो नाही, पण त्या 'अंकल'नं निम्मा पडलोच.

मी काही हौसेनं गेलो नव्हतो. पंचवीस वर्षं हॉटेलांच्या हाऊसकीपिंगमध्ये काढली. म्हणजे एकानं विस्कटलेला पलंग दुसऱ्याकडून तिसऱ्यासाठी नीट करून घेतला. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ते सोडलं आणि एका बुकिंग वेबसाइटसाठी तपासणीचं काम धरलं. गिऱ्हाईक बनून जायचं, दोन दिवस राहायचं, कोण आहोत ते कळू द्यायचं नाही आणि घरी येऊन फॉर्म भरायचा. फॉर्मवर ठरतं, त्या जागेला वेबसाइटवर 'खात्रीची जागा' हा हिरवा शिक्का मिळायचा की नाही.

माझ्या अहवालांचं त्या ऑफिसात नाव होतं. डबा खाताना म्हणे ते मोठ्यानं वाचत. एका ठिकाणच्या उशीबद्दल मी लिहिलं होतं, हिच्यात कापूस कमी आणि आशा जास्त भरली आहे. ते वाक्य नव्या तपासनिसांना नमुना म्हणून दाखवतात हे कळल्यापासून मी आणखी खवचट लिहायला लागलो होतो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

हे हॉस्टेल बाजारामागच्या गल्लीत, एका जुन्या बंगल्यात होतं. बाहेर चिक्कीच्या भट्टीचा गुळाचा वास आणि आत उदबत्तीचा. मालक तिशी-पस्तिशीचा, पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून निवांत जगायला लोणावळ्यात आलेला, आणि तेव्हापासून त्याला क्षणाची उसंत नव्हती. फोनवर बोलत बोलत त्यानं मला चावी दिली, बोलत बोलतच हात जोडले. भिंतीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की घर सोडल्याशिवाय माणूस स्वतःला भेटत नाही. आमच्या मावळात घर सोडून गेलेल्या माणसाला आधी त्याचे चुलते भेटतात आणि धरून परत आणतात.

लॉकर होतं, कुलूप नव्हतं. 'कुलूप स्वतःचं आणावं' असं त्यावर लिहिलं होतं. स्वयंपाकघर सगळ्यांचं, म्हणून भांडी कुणाचीच नव्हती. बसायला जमिनीवर पोती टाकली होती, त्यांना बीनबॅग म्हणायचं. बसलो तर बुडालो, आणि उठायला दोन पोरांचा आधार घ्यावा लागला. पोरं भली होती. त्यांनी मला विचारलं, "सोलो ट्रिप का, काका?" मी हो म्हटलं. मुंबईहून दीड-दोन तासांवर येऊन तीही जगप्रवासालाच निघाली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा, असा माझ्या अहवालाचा मथळा मनात तयारच झाला.

पण माझ्या धंद्यात एक गोष्ट शिकलोय. जागेचा दर्जा भिंतीवर नसतो, गादीखाली असतो. कुणी बघत नाही असं बघून मी गादीचा कोपरा उचलला. चादर चारी कोपऱ्यांना दुमडून अशी घट्ट बसवली होती की नाणं टाकलं तर उडावं. फळीवर धूळ नाही, ढेकणाचा डाग नाही, पलंगाच्या पायाला जाळं नाही. न्हाणीघरातली बादली उलटी करून बघितली, तिचं बूडसुद्धा घासलेलं. मालकाच्या थाटाशी हे काही जुळेना. त्या बंगल्यात कुणीतरी एक माणूस खरंखुरं काम करत होतं.

तो माणूस मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला.

त्याआधी दारातल्या कारंज्याबद्दल सांगायला हवं. आत शिरल्याशिरल्या चपलांची मांडणी होती, आणि तिला खेटून, जमिनीवर, दगडगोट्यांचं एक छोटं कारंजं. त्यात मधोमध बुद्धाचं डोकं ठेवलेलं. पूर्ण मूर्ती नाही, नुसतं मानेपासून वरचं डोकं, फायबरचं, राखाडी रंग दिलेलं. मालकाच्या मते त्यानं जागेला शांतता येत होती. मी आलो तेव्हा त्या शांततेच्या डोक्यावर कुणाची तरी टोपी होती आणि एका कानावर ओला मोजा वाळत होता. मी स्वतः माझे बूट तिथंच, त्या डोक्याला टेकवून काढले. जागा तेवढीच रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला खाली आलो तर कारंज्यात डोकं नव्हतं. नुसती नळी होती आणि तिच्यातून पाणी थुईथुई उडत होतं. पलीकडं चादरींच्या कपाटापाशी एक बाई स्टुलावर उभी होती. पन्नाशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला. तिनं ते डोकं कपाटावर ठेवलं होतं, खिडकीकडं तोंड करून, आणि पांढऱ्या स्वच्छ रुमालानं कानामागचा भाग पुसत होती. लादीचं फडकं, बाथरूमचं फडकं खाली बादलीपाशी वेगळी होती. हा रुमाल तिच्या स्वतःच्या पिशवीतला होता.

मला बघून ती खाली उतरली. टाकवे बुद्रुकहून रोज येते म्हणाली, आधी जीप, मग लोकल. इथं झाडण्यापासून चादरींपर्यंत सगळं तीच करते.

"तुमचं कुटलं गाव, भाऊ?"

"पवनानगरच्या अलीकडं."

"कुनाच्यातले?"

मी आडनाव सांगितलं. मावळात एवढं सांगितलं की बाकी सगळं कळतं. जमीन किती असेल, वाडा गावात कुठल्या बाजूला असेल, सगळं. ती "व्हय का" म्हणाली, पदर सारखा केला आणि दोन पावलं मागं सरकली. मला ती रीत वाटली. जुनी माणसं अजून मान ठेवतात, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

मग ती म्हणाली, "आमी बौद्ध. आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासनं. हितं आले तर ह्ये पायताणांपाशी ठेवल्यालं. मालकाला म्हनलं, वर ठेवू का. तर म्हनला, मावशी, त्ये डेकोर हाय, हात लावू नका. मी रोज सकाळी पुसून वर ठेवते, त्यो अकराला उठला की परत खाली ठेवतो. मागल्या आठवड्यात म्हनला, आता हलवलं तर कामावर येऊ नका."

"मग कशाला हलवता?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की प्रश्न मला परत घ्यावासा वाटला. "मोजं टाकत्यात वो त्यावर," एवढंच ती म्हणाली.

मी चहाच्या भांड्याकडं वळलो. तेव्हा तिनं आवाज खाली घेतला. "भाऊ, एक सांगू का? ह्ये लिवू नका."

"काय लिवू नको? मी कुठं काय लिहितो?"

"काल घरी जाताना दारातनं दिसलं मला, तुमी गादीखाली बगितलंत. बादली उलटी केलीत. गिऱ्हाईक कदी गादीखाली बगत न्हाई. तुमी वरनं आलाय तपासाया. बाकीचं काय बी लिवा, ह्येवढं नका लिवू. माजं काम जाईल."

तपासणीच्या तीन वर्षांत मला कुठल्या मॅनेजरनं ओळखलं नव्हतं. हिनं एका संध्याकाळीत ओळखलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. चोरी पकडल्यासारखं झालं, आणि त्या रागात मी म्हणालो, "बघतो."

'बघतो' हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द आहे. नाही म्हणायचं पाप लागत नाही आणि हो म्हणायची जबाबदारी येत नाही. पण तिला तो होकार वाटला. तिनं माझ्यासाठी आल्याचा वेगळा चहा केला.

घरी येऊन फॉर्म उघडला. चादरी, पूर्ण गुण. न्हाणीघर, पूर्ण गुण. कर्मचाऱ्यांची तत्परता, पूर्ण गुण. मग आलं, 'दर्शनी भागातली सजावट जागच्या जागी होती का?' मी थांबलो. खरंच थांबलो, चांगला दहा मिनिटं. हो लिहिलं असतं तर जगात कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण मी प्रामाणिक माणूस ना! खोटा अहवाल कधी दिला नाही असा माझा लौकिक. शिवाय, आता सांगायला लाज वाटते, वाक्य तयार होतं आणि ते मला सोडवेना. मी लिहिलं: 'कारंजं आहे, पण त्याला डोकं नाही, ते कपाटावर सुटीवर गेलं होतं.' नाव कुणाचंच लिहिलं नाही. म्हणजे कुणाचं नुकसान नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि जेवायला बसलो. ऑफिसातून हसण्याच्या चिन्हांची रांग आली. हॉस्टेलचा हिरवा शिक्का त्या एका उत्तरावर अडला, दुरुस्ती करून घ्या म्हणून माझ्या वाक्यासकट पत्र गेलं.

दोन महिन्यांनी फेरतपासणीला मलाच पाठवलं. या वेळी उघड, ओळखपत्र गळ्यात घालून. मालक दारातच भेटला. "म्हणजे ते तुम्हीच, सर! काय लिहिता हो तुम्ही! मी फ्रेम करून लावणार होतो." फोन खिशात ठेवून त्यानं मला हाताला धरून कारंज्यापाशी नेलं. बुद्धाचं डोकं मानेपर्यंत सिमेंटमध्ये पक्कं बसवलं होतं. भोवती सहा-सात बुटांच्या जोड्या. "आता हलूच शकत नाही," तो म्हणाला.

"आणि मावशी?"

"त्यांना खूपदा सांगितलं होतं, सर. रिपोर्टमध्येच आल्यावर माझाही नाइलाज झाला. आता एजन्सीची माणसं येतात. टी-शर्ट वगैरे असतो, प्रोफेशनल."

वर जाऊन मी गादी उचलली. चादरीचे कोपरे नुसते खाली कोंबले होते आणि फळीवर बिस्किटाचा चुरा होता. मी चादरीचे गुण कापले. पण फॉर्मचा पहिला प्रश्न होता, 'मागच्या तपासणीतली त्रुटी दूर झाली का?' त्याच्यापुढं 'होय' आणि 'नाही' एवढेच दोन चौकोन असतात. मी 'होय' केलं. शिक्का मिळाला.

त्या आठवड्यात मला बरी झोप लागली नाही. रविवारी कान्हे फाट्यावर जीप धरली आणि टाकव्याला गेलो. स्टँडवर विचारलं, लोणावळ्याला कामाला जायच्या त्या मावशी कुठं राहतात. एकानं हात करून वस्तीकडची वाट दाखवली. आमच्या गावातही अशी वस्ती आहे, ओढ्यापलीकडं. मी गावात वाढलो, ओढ्यात पोहायला शिकलो, पण पलीकडच्या एकाही घरात कधी पाणी प्यायलो नाही. कुणी मनाई केली नव्हती. प्रसंगच आला नाही, असं आम्ही म्हणतो.

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, सतरंजी झटकून टाकली. "बसा, भाऊ. एवढ्या लांब?"

मी उभ्या उभ्याच सुरू केलं. माझ्यामुळं काम गेलं, मला वाईट वाटतं, एका रिसॉर्टवर माझी ओळख आहे, शब्द टाकतो.

"नगं," ती म्हणाली. "गुलाबाच्या पॉलीहाऊसवर जाते आता. हितंच हाय, चालत. प्लास्टिकखाली पाय शेकत्यात जरा, पर बरं हाय."

"मी नाव नव्हतं लिहिलं, मावशी."

"नाव कशाला लागतंय? तितं झाडनारी मी एकलीच व्हते."

ती रागावून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अजून खालीच हाय का त्ये?"

"हो. सिमेंटमध्ये बसवलंय."

तिनं तांदळातला खडा काढला आणि बाजूला टाकला. मग म्हणाली, "चहा घ्याल का आमच्यात?"

"घेतो की! का नाही घेणार?" मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणालो.

आतून भांड्यांचा आवाज आला, नळ सुटल्याचा आला, बंद झाल्याचा, परत सुटल्याचा. तिनं कपबशी आणून माझ्या हातात दिली. नवी, निळ्या फुलांची. आणि माझ्या हातानं, मला न विचारता, कप उजेडाकडं तिरका केला. डोळ्यांनी काठ बघितला, कान बघितला, बुडाखाली बघितलं. मान वर केली तर ती दारात उभी राहून माझ्याकडंच बघत होती.

"सवय आहे हो, मावशी," मी घाईघाईनं म्हणालो, "आमचा धंदाच तसला. मी सगळीकडंच बघतो." म्हणता म्हणता आठवलं, परवाच बहिणीकडं चहा प्यायलो होतो. तिथं कपाच्या बुडाखाली मी बघितलं नव्हतं. कुठल्याच सोयऱ्या-पाहुण्याच्या घरी कधी बघितलं नव्हतं.

"व्हय, भाऊ. बगा की," ती शांतपणे म्हणाली. "दोनदा धुतलाय."