सल्काचा तिसरा पेला

सल्का हट्टी आहे, हे अग्वेलातच्या उंटांनाही ठाऊक होतं. राजधानी नवाकशोतहून नवाधिबू बंदराला जाणाऱ्या लांबलचक वाळवंटी रस्त्यावर अग्वेलात म्हणजे अकरा घरं, एक मशीद आणि बंद पडलेला पेट्रोलपंप. पाणी आठवड्यातून एकदा टँकरने यायचं. यंदा वाऱ्याने गावाच्या तोंडाशी रस्त्यावर कमरेएवढी वाळू आणून टाकली. ट्रकवाले हुशार, त्यांनी बाजूने कच्ची वाट पाडली. भरलेला टँकर मात्र तिथे रुतायचा. टँकरवाल्याने निरोप धाडला, गुरुवारपर्यंत रस्ता मोकळा झाला नाही तर पुन्हा येणार नाही. सरकारचं वाळू उपसायचं यंत्र कुठे होतं, ते अल्लालाच माहीत.

पाणी बंद झालं की गाव उठणार. तरणी माणसं शहरांत कामाला गेलेली, म्हणून सल्काने दोन दिवस एकटीने फावडं चालवलं. पाठ धरली, वाळू होती तिथेच राहिली. मग तिने आपला तंबू उपटला, कच्च्या वाटेच्या तोंडावर ठोकला आणि निखाऱ्यावर चहा मांडला.

ट्रक आला की ती आडवी जायची. म्हातारीने पुढे केलेला पेला कोण नाकारणार? आणि एकदा पहिला पेला घेतला की तिसरा झाल्याशिवाय निघायचं नाही, हे या मुलखात शेंबडं पोरही जाणतं. पहिला संपला की सल्का किटली पुन्हा निखाऱ्यावर ठेवायची आणि गावभरातून आणून रोवलेल्या फावड्यांकडे बोट दाखवायची.

"दुसऱ्याला वेळ आहे, बाबा. बसून पाय आखडतील."

"खाला, हा चहा आहे की वेठबिगारी?" ड्रायव्हर या मावशीला विचारायचा.

"चहाच. साखर जास्त घातलीय."

बुधवारी शेजारीण महजूबा तडकली. "अगं, गावाच्या घशाला कोरड आणि तू ड्रायव्हरांना पाजतेस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"माझ्या वाटणीचं पाजतेय."

खरंच होतं. तीन दिवस ती शेळीच्या दुधावर होती, ओठ फुटले होते. महजूबा पाय आपटत गेली आणि आपला अर्धा कॅन घेऊन परत आली.

गुरुवारी सकाळी वीसेक पावलांची वाळू उरली, तेवढ्यात नवाधिबूच्या गाडीतून तिचा मुलगा देदाह उतरला. मासळीच्या गोदामात कामाला होता, आईला कायमचं न्यायला आला होता. सल्काने पेला पुढे केला. त्याने हात पाठीमागे नेले.

"आई, मी काय परका आहे? हा घेतला की अडकलो. आधी सामान बांध."

"अख्खा रस्ता माझा चहा प्यायला आणि पोटचा पोर नको म्हणतो?" ती घाबरली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "दोन पेल्यांपुरतंच पाणी उरलंय, देदाह. तिसऱ्याचं टँकरमधून येईल. आला तर."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याने पेला एका दमात रिकामा केला आणि फावडं उचललं.

दुपार कलली तसा टँकर भोंगा वाजवत आला आणि कुठेही न अडखळता गावात शिरला. बायका कॅन घेऊन धावल्या. सल्का आधी पोटभर पाणी प्यायली, मग तिने किटली भरली.

देदाहने तिसरा पेला खाली ठेवला. "झाला एकदाचा. आता निघू या?"

"तू नीघ खुशाल," सल्का म्हणाली. "मी आत्ताच टँकरवाल्याला पहिला दिलाय."