मावसाजींनी पास केलेली खोली

जबलपुरात भाड्यानं मिळणारी एकही खोली अशी नसेल, जिच्या भिंतीवर माझ्या मावसाजींनी टिचकी मारून पाहिली नसेल. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. बँकेतून रिटायर झालेले आणि मावशी गेल्यापासून ग्वारीघाटाच्या रस्त्यावरच्या घरात एकटे. युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळून मी नागपूरहून आले, तेव्हा मला खोली शोधून द्यायचं काम त्यांनी स्थळ पाहण्याच्या गांभीर्यानं अंगावर घेतलं.

पाच दिवस मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून फिरले. खोलीत शिरलं की आधी भिंत वाजवायची, मग नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचं. एक घरमालकीण म्हणाली, "हवा तो बहुत आती है," तर ह्यांनी खिशातून काडेपेटी काढून खिडकीत काडी पेटवली. ज्योत हलेना. "हवा काहून येऊन नाही राहिली?" असं त्यांनी मलाच दरडावून विचारलं. पण खरी परीक्षा पलंगाची. चपला काढून ते सरळ आडवे होत आणि डोळे मिटून घेत. "अंकल जी, कमरा आपको चाहिए कि बिटिया को?" एकानं विचारलंच. एका घरी तर ते खरोखर घोरू लागले. मालकीणबाईंनी बिचाऱ्यांनी चहा केला, तो मी अवघडून एकटीनं प्यायले. अर्ध्या तासानं उठून म्हणाले, "कॅन्सल. इथं झोप फार चांगली लागते. तू अभ्यास केव्हा करशील?"

पाचव्या दिवशी दुपारी त्यांच्याच हातची खिचडी खात होतो. ताटाकडे बघतच ते म्हणाले, "आपली वरची खोली पण पाहून घे न एकदा. पाणी गोड आहे."

मला कळलं. पण मी घरातून नुकतीच सुटले होते. हे रोज विचारणार, कुठं चालली, केव्हा येशील. "नको मावसाजी, मैत्रिणी तिकडे गोरखपूर मोहल्ल्यात आहेत," मी जिना न चढताच सांगून टाकलं.

"अच्छा. चलो," ते म्हणाले आणि मला आणखी खिचडी वाढली.

दुसऱ्या दिवशी गोरखपुरातली पहिलीच खोली त्यांनी दारातूनच पास केली.

दोन वर्षं मी तिथं राहिले. रविवारी त्यांचा फोन यायचा, "घाटावर चाललो, येते का?" कधी मला खरंच काम असायचं, कधी नसायचं, उत्तर मात्र तेच. मग ते बाथरूममध्ये पडले आणि त्यांचा मुलगा त्यांना बेंगळुरूला न्यायला आला. मी सामान बांधायला गेले, तेव्हा पहिल्यांदा वरच्या खोलीत गेले. खिडकीपाशी टेबल, खुर्ची, पुस्तकांसाठी कपाट. सगळं कोरं.

खाली येऊन विचारलं, "हे केव्हा घेतलं?"

"तू यायच्या आधी."

"मग नीट सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं न एकदा," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती.

आता रविवारी फोन मी करते. मुलाचं घर मोठं आहे म्हणतात, सूनबाई चांगली आहे म्हणतात. तिथं त्यांना खोली कशी मिळाली आहे, हे विचारायचं मी दर वेळी ठरवते. ते हवापाण्याचं बोलत राहतात, आणि माझं विचारायचं राहून जातं.