नानांचे देवाचे कोंबडे

पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या वसाहतीत दाढी करत असताना भावाचा फोन आला, "नाना गेले." सकाळी खुराड्याशी खाली बसले ते उठलेच नाहीत म्हणे. सख्खे काका, वाईट वाटलंच. पण खोटं कशाला बोलू, लगेच मनात आल्या त्या त्यांच्या कोंबड्या... सुटल्या बिचाऱ्या!

पालीजवळच्या आमच्या वाडीत राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, दरवर्षी कोंबडा देतात. गाऱ्हाणं घातलं की समोरचे तांदूळ कोंबड्यानं टिपायचे. टिपले तर देवानं राखण मानली. हा कोंबडा नानांकडचाच, असा रिवाज पडून गेला होता आणि त्या मानावर नाना जगत. देवाच्या कोंबड्याला नजर लागू नये, तो उकिरड्यावर फिरू नये, म्हणून पक्षी पिल्लू असल्यापासून बंद खुराड्यात. ना हिरवा पाला, ना किडा. खायला घरच्या भाताची कणी आणि पावसाळाभर पिंपात राहून खवट झालेला कोंडा. विकतच्या खाद्याचं नाव काढलं तरी नाना अंगावर येत.

पुढे पिल्लं पाय फाकून बसू लागली. नाना त्यांना काठीनं डिवचत, "ढोंगं करतायत मेली!" आणि एका वर्षी राखणीचा कोंबडा सगळ्या वाडीसमोर तांदळात तोंड खुपसून आडवा झाला. पिसं झळझळीत, पण पायांत जीव नाही. गुरव गाऱ्हाणं अर्धवट टाकून नानांकडे बघत राहिला. मान गेला तो गेलाच. वर 'घराला दोष लागलाय' ही कुजबुज. इतकी वर्षं ज्यांनी त्यांची अंडी खाल्ली, तेच पुढे होते.

मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आलो. त्यांनी मेलेला पक्षी फाडून दाखवला. छातीच्या, मांडीच्या मांसात पांढऱ्या रेघा, कातडीखाली हिरवट पाणी. "यांना सेलेनियम नावाचं खनिज आणि ई जीवनसत्त्व मिळत नाहीये. स्नायूच मरतायत," त्या म्हणाल्या. "पावसानं धुतलेल्या जमिनीत सेलेनियम कमी असलं तर धान्यातही कमीच येतं. मिश्रण देते, ते मोजूनच घाला, जास्त झालं तर विष आहे. आणि पक्षी मोकळे सोडा."

नाना हसले. "बाई, माझ्या भातात खोट नाय. देव कोपलाय तो."

देवाचा कोप त्यांना चालला, कोंड्यातली उणीव चालली नाही! देवाची समजूत काढायला ते त्याच लुळ्या पक्ष्यांतला एकेक उचलून राखणदाराकडे नेत. आमची काकी, म्हणजे त्यांची बायको, एकदा औषध मिसळायला गेली, तर खाद्याचं टोपलं तिच्याच अंगावर भिरकावलं. असा हट्टी माणूस... आणि मला तो आवडायचा, हेही खरं. वाडीत कुणाचं पोर आजारी पडलं तर अंडी घेऊन पहिले धावायचे ते नानाच.

महिना-दीड महिन्यानं परवा पुन्हा गेलो, तर काकीनं खुराड्याचं दारच काढून टाकलेलं. तेरावं होताच तिनं खाद्यात औषध घालायला घेतलं होतं. आडवे पडलेले पक्षी मेले, पण नुकते लंगडू लागलेले सावरले. आम्ही पडवीत बोलत होतो, तेवढ्यात एक तांबडा कोंबडा धावत आला आणि नानांच्या आरामखुर्चीच्या हातावर उडी मारून बसला. मी हाकलायला उठलो.

"बसू दे त्याला," काकी म्हणाली. मग तिनं पदर तोंडाला लावला...

"ते असते, तर हा उभा राहिला नसता रे."