विहिरीवरची माझी हरकत

दारव्ह्याजवळच्या एका तांड्याला मंजूर झालेली विहीर मी राज्यघटनेचा आधार देऊन दिल्लीला परत पाठवली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी विकास गटाच्या कचेरीत कारकून होतो. त्याआधी नागपुरात वकिलीच्या पहिल्या वर्षाला नापास झालेलो. म्हणजे नापास व्हायला लागतो तेवढा कायदा मला येत होता. अनुदानाला दिल्लीची अट होती: पहिले दहा हात गावाने श्रमदानाने खोदायचे, मग पैसा.

अट सांगायला तांड्यावर गेलो, तर तांड्याचा प्रमुख, नायक, शेतात. मी त्याच्या झोपडीतल्या बाजेवर आडवा झालो. बाहेर पळस पेटलेला. वाळत घातलेल्या ओढण्यांच्या आरशांतून उडालेले कवडसे कुडावर पोहत होते, हळूहळू, जणू त्यांना कुठे जायचंच नव्हतं. बघता बघता मी काळा डगला घालून थेट सर्वोच्च न्यायालयात उभा. ‘पाणी राज्याचा विषय, मायलॉर्ड! जिथे दिल्लीला कायदा करता येत नाही, तिथे अट कशी घालता येईल?’ न्यायमूर्ती माना डोलवत होते. त्यांच्या डगल्यांवरूनही कवडसे सरकत होते.

जागा झालो, पण उतरलो नाही. अट न सांगताच, तसाच तरंगत कचेरीत आलो, तेच वाक्य टाइप केलं आणि सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवलं. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

उत्तर पुढच्या उन्हाळ्यात आलं. अट मान्य नसल्याने रक्कम दुसरीकडे वळवली आहे.

साहेब कागद नाचवत म्हणाले, “कायदा केला काय रे दिल्लीनं? पैसा देऊन राह्यली ते! घ्या, नाही त नको म्हना. तू नको म्हनलास, लेका!”

पैसा देता देता दिल्ली राज्याला किती वाकवू शकते, हा प्रश्न मला अजूनही गोड लागतो. पण तेव्हा तो घेऊन मला तांड्यावर जावं लागलं.

बाया पाण्यासाठी कोसभर लांबच्या झिऱ्याकडे निघाल्या होत्या. मी नायकाला राज्यांचे अधिकार समजावले.

“म्हंजे, दहा हात खंदा लागत होतं. एवढंच?”

“हो, पण ती जबरदस्ती—”

त्याच्या बायकोने डोक्यावरची घागर खाली ठेवली.

“चार दिसात खंदलं असतं आमी. आमाले तोंड नव्हतं काय, बाबू? तुमी कायले बोलले?”