विहिरीत न सोडलेलं कासव

वडील गेल्यापासून आई मागच्या पायरीवर बसून असते. संध्याकाळी मी तिला आत चल म्हणतो, ती उठत नाही, मग मीही कुंपणाकडे बघत बसतो. तारेवर काडीसारखा एक किडा आहे. वारा आला की तो काडीसारखाच हलतो. इतका वेळ बघत बसलो नसतो तर तो दिसलाही नसता.

काल शेजारचे आप्पा कासव घेऊन आले. पाठीवर पिवळ्या चांदण्या होत्या.

"वहिनी, आयतं चालून आलंय. विहिरीत सोडतो, पाणी साफ राहील."

इकडे विहिरीत कासव सोडायची रीतच आहे. आप्पा कठड्याशी पोचले तेव्हा आई बोलली.

"पाय बघा त्याचे. जमिनीवरचं आहे. बुडेल."

"कासव बुडतं होय!" आप्पा हसले.

"खाली ठेवा."

त्यांनी ठेवलं. कासवाने मान, पाय सगळं आत घेतलं. आता तिथे नुसता दगड होता. आप्पांनी बोटाने टकटक केलं, तसं ते आणखी आत गेलं. कंटाळून आप्पा घरी गेले.

ऊन उतरल्यावर डोकं बाहेर आलं. कासव कुंपणाखालून निघून गेलं.

अंधार पडला. मी आईला आत चल म्हणालो नाही.