पहिली मूठ

ये, अशी जवळ बस. उंबऱ्यात काय घुटमळतेस परक्यासारखी? शेजारी हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि तू मागच्या दारानं निघून गेलीस, हे मला दुसऱ्यांकडून कळावं? नवरा गेला तुझा; तोंड लपवावं असं तू काय केलंस?

मी विधवा झाले तेव्हा तुझ्याच वयाची होते. चिखलीच्या अलीकडे, नाल्याकाठी आमचं काळं वावर. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरचे साहेब बघत, पण आमच्या गल्लीत कारभार थोरल्या दिरांचा. त्या साली वापसा आला, जमीन पेरायजोगी झाली, गावभर पेरायच्या तिफणी जुंपल्या. आमच्याकडे रीत अशी, की पेरणीची पहिली मूठ सवाशिणीनं तिफणीवरच्या चाड्यात, बी ओतायच्या वाटीत, सोडायची. मग दिवसभर कोणीही पेरावं.

जावेला म्हटलं, मूठ धरायला या. ती दिरांकडे बघायला लागली. दीर म्हणाले, "तिची कंबर दुखते. राहू दे औंदा पडीत. पुढच्या साली मी पाहीन." त्यांचा डोळा वावरावर होता, हे त्यांच्या बैलालाही ठाऊक होतं.

मग दारोदार फिरले. एकीला ताप, एकीकडे पाहुणे. ज्यांच्या बाळंतपणाला मी उशाशी बसले, त्या दाराआडून बोलल्या. वाईट नव्हत्या गं. भ्यायल्या होत्या. देवापेक्षा माणूस शेजाऱ्यालाच जास्त भितो, हे मला त्या सकाळी कळलं.

तिफण हाकायला मागच्या गल्लीतले चाचा आले होते. बैल जुंपून ताटकळले. म्हणाले, "बाई, वापसा कोनासाठी थांबत नाई. कोन येऊन राह्यलं?"

"कोनीच नाई."

"मंग?"

"मंग मीच."

बांधावरून सासूबाई म्हणाल्या, "म्हसोबा कोपंल बरं. रांडव हाताचा दाना उगवत असते काय?"

"नवरा गेल्यापासून त्या म्हसोबाले तेल कोन घालते, सासूबाई? हाच हात ना? त्यानं तं कधी तोंड फिरवलं नाई."

चाचा हसले. "चला तं, बिस्मिल्ला करा."

मूठ भरली आणि चाड्यावर धरली. ज्वारी काकरात, तिफणीनं पाडलेल्या रेघेत, पडली आणि दिवस मावळेतो मी तिफणीमागं चालले.

उगवलं. मूठ नवखी, मधे मधे तुटाळ पडली. दीर बांधावर येऊन म्हणाले, "पाह्यलं? जागा सुटल्या." थोरल्या दिरापुढं बोलायची रीत नव्हती. मी बोलले. "तुमच्याही वावरात सुटल्या. तिथं तं सवाशिनीची मूठ होती." त्यानंतर ते बरेच दिवस आमच्या बांधाला फिरकले नाहीत. बरंच झालं.

देवावरचा माझा भाव गेला नाही. त्याच्या नावानं दटावणारे मात्र मनातून उतरले. नवरा का गेला, हे मला अजून कळलेलं नाही. पायगुण, मागच्या जन्मीचं पाप, असं सांगणारे खूप आले. त्यांना पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. कारण कळल्यावरच जगायचं म्हटलं असतं, तर ते वावर आजही पडीत असतं.

आणि तू तुझं वावर पुतण्याला देऊन मोकळी होतेस म्हणे? देऊ नको. आता नीघ, उजेडी पोचशील. पण मिरगाच्या आधी ये, दोन दिवस काढून ये. चाड्यावर मूठ कशी सोडायची ते तोंडानं सांगता येत नाही, आणि माझे पाय अजून चालतात तोवर ये.