कान तुटलेला कप

सुनेने आज फडताळ आवरताना कान तुटलेला एक कप बाहेर काढला आणि विचारलं, "हा टाकू का?" मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

स्वराज्य यायला दोन वर्षं होती. नगरच्या दवाखान्यात मला नर्सिंगला घेतल्याचं पत्र कोल्हारला आलं. आईबापांमागे मला सांभाळणाऱ्या काकूने त्या दिवशी मला बाहेर ओट्यावर बसवून याच कपात चहा दिला. "परक्यांचं गू-मूत काढनार तू. आता तुजा कप येगळा," ती म्हणाली. मी उठताच तिने माझी जागा शेणाने सारवून घेतली. कप मी धुऊन ट्रंकेत घातला.

शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षी काकू तापाने फणफणलेली माझ्याच वॉर्डात आली. तिने पाणी मागितलं. मी ट्रंकेतला कप आणला, शिकवल्याप्रमाणे तिचं डोकं हळूच उचललं आणि कप ओठांना लावला. तिने तो ओळखला, तरी गटागटा प्याली. मग तिच्यासमोर बसून मी तो कार्बोलिक साबणाने घासला, अगदी सावकाश.

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कधीतरी मला याची लाज वाटेल, असं तेव्हा वाटलं होतं. अजून वाटलेली नाही.